नाही म्हणणारी माणसं

आमच्या पुरंदर तालुक्यात पाणी नाही ही काही नवी बातमी नव्हे. सह्याद्रीच्या डोंगरावर ढग मोकळे होतात आणि आमच्याकडं पोचतात ते रिकामे. घाटमाथ्याकडं भात पिकतो आणि आम्ही बाजरी, मटकी, हुलग्याच्या आशेवर. कऱ्हा नदी आहे, पण ती वर्षातले किती महिने नदी असते ते कऱ्हाकाठच्या माणसाला विचारावं. दक्षिणेच्या अंगाला नीरा नदी, तिच्यावर वीरचं धरण, धरणाचे कालवे बारामती-फलटणकडं गेलेले. तिकडच्या पाहुण्यांकडं लग्नाला गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूला ऊस उभा. माझी आई गाडीतून वाकून वाकून तो ऊस बघायची आणि घरी आल्यावर चार दिवस गप्प असायची.

मी लिहिणार आहे ते पाण्याचं काम चालवणाऱ्या माणसांविषयी. त्यातलं एकच नाव पेपरात आलेलं आहे. बाकीच्यांची नावं मी देत नाही, गावाचंही देत नाही. कारण त्यातली काही माणसं हयात आहेत, काहींची पोरं हयात आहेत, आणि भांडणं तर सगळीच हयात आहेत.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. शाळा नावाला चालू होती. सकाळी आईबरोबर खडी फोडायला जायचं, डोक्याला फडकं, हातात हातोडी. बापानं बैलजोडी विकली होती आणि विकून आल्यावर दावणीतलं शेण पुन्हा एकदा झाडून काढलं होतं. रेशनवर लाल मिलो मिळायची, तिची भाकरी कोरडी आणि दाताला चिकटणारी. पोरांना सुकडी वाटायचे, ती मात्र आवडायची. दिवसभर फोडलेल्या खडीचं माप व्हायचं, हजेरी लागायची, पगार उशिरा का होईना मिळायचा. त्या पगारानं आम्ही जगलो, हे खोटं नाही. पण ती खडी रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवलेली, ती पुढं कितीतरी वर्षं तशीच पडून होती. ढिगांवर गवत उगवलं, घाणेरी उगवली. पुढच्या दुष्काळाला त्या खडीचा काय उपयोग, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

ज्यानं विचारलं तो माणूस आमच्यातला नव्हता. विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनिअर. अचूक मापाची उपकरणं बनवायचा त्यांचा कारखाना. दुष्काळात ते पुरंदरच्या भागात फिरले, हजारो माणसं खडी फोडताना बघितली, आणि या कामानं दुष्काळ हटणार नाही असं त्यांच्या मनानं घेतलं. माती अडवली पाहिजे, पाणी अडवलं पाहिजे. सांगून कुणी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी नायगावच्या देवस्थानची चाळीस एकर पडीक माळजमीन कराराने घेतली. ही गोष्ट १९७४ ची. त्याच सुमाराला ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था निघाली. संस्था म्हणजे मोठी इमारत नाही, गाड्या नाहीत. साहेब, त्यांच्या पत्नी कल्पनाताई आणि हाताच्या बोटावर मोजावेत असे कार्यकर्ते.

माळाला उतारावर आडवे ताल घातले. उताराच्या तळाला पाझर तलाव, त्याच्या खालच्या अंगाला विहीर, विहिरीचं पाणी उचलून पुन्हा वर माळावर. आमच्या गावची माणसं ते बघायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली, त्यात मी होतो. तोवर माझी दहावी होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पुढं शिकायला पैसा नव्हता आणि घरची शेती म्हणजे दगडांची रास. नायगावच्या त्या माळावर जिथं कुसळाशिवाय काही येत नव्हतं तिथं ज्वारीची ताटं माणसाच्या डोक्याएवढी उभी होती. आमच्यातला एकजण खाली बसला, मूठभर माती उचलली, नाकाला लावली आणि म्हणाला, "माती तर आपल्यागतच हाय की रं." येताना ट्रॉलीत कुणी फारसं बोललं नाही.

माती तीच, पाऊस तोच. फरक नियमांत होता. ते नियम मी इथं मांडतो, कारण पुढची सगळी भांडणं त्यांच्यावरून झाली.

पाणी जमिनीवर वाटायचं नाही, माणसांवर वाटायचं. घरात जितकी माणसं, त्या प्रत्येकाला अर्ध्या एकराचं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. जमीन तुमची पन्नास एकर असली तरी पाणी अडीच एकरालाच. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, जमीन विकली तरी पाणी विकता येत नाही. ऊस लावायचा नाही. खर्चातला वीस टक्के भाग शेतकऱ्यांनी आधी भरायचा, पन्नास टक्के सरकारी अनुदान, उरलेले तीस टक्के प्रतिष्ठान बिनव्याजी देणार. आणि योजना झाली की ती चालवायची गावातल्या लोकांनी, आपल्यातून पंच निवडून आणि आपला पाटकरी नेमून. यालाच पाणी पंचायत म्हणतात.

ऐकायला सोपं वाटतं. आमच्या मारुतीच्या देवळात १९८३ साली पहिली बैठक झाली तेव्हा रात्री साडेअकराला लोक एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात होते.

वीस एकरवाला एक बागायतदार होता. बागायतदार म्हणजे नावाला, विहीर त्याचीही फेब्रुवारीत आटायची. घरात माणसं चार. तो म्हणाला, "माझं वीस एकर रान, आन मला पाणी दोन एकराला? ह्यो कुठला न्याव?" त्याच बैठकीत देवळाच्या बाहेर पायरीवर माझी चुलत काकी बसलेली होती. तिचा नवरा वारलेला, पदरात चार पोरं, जमीन साडेतीन एकर, सगळी खडकाळ. हिशेबानं तिची खाणारी तोंडं पाच, म्हणजे अडीच एकराचं पाणी. वीस एकरवाल्यापेक्षा अर्धा एकर जास्त. हे जेव्हा वाचून दाखवलं तेव्हा देवळात आधी हसू पिकलं आणि मग एकदम शांतता झाली. काकीला वाटलं आपली चेष्टा चालली आहे. ती उठून घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी जाऊन सांगितलं तेव्हा तिनं मला तीनदा विचारलं, "बाईमाणसाच्या नावावर देत्यात का पण?"

त्या रात्री बैठक मोडली नाही ती नानांमुळं. नाना मुंबईला गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली, नाना ट्रंक घेऊन गावी परत आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, आवाज साच्यावर काम केलेल्या माणसाचा, म्हणजे शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलायचे. युनियनच्या सभा बघितलेला माणूस, त्यामुळं ठराव कसा मांडायचा, हात कसे मोजायचे, वर्गणीची पावती कशी फाडायची हे त्यांना ठाऊक. ते उठून वीस एकरवाल्याला म्हणाले, "तळ्यात जे पाणी साठनार ते काय नुस्तं तुझ्या वावरातनं वाहून आलंय का? डोंगर समद्यांचा, पाऊस समद्यांचा. तुला नगं आसंल तर राहू दे. पर आडवा पडू नगंस."

अडतीस कुटुंबं तयार झाली. वीस एकरवाला नाही झाला. नाना गटप्रमुख झाले. दहावी शिकलेला आणि अक्षर बरं म्हणून ठरावाची वही माझ्याकडं आली. ती आजही माझ्याकडंच आहे, आता तिच्या सात वह्या झाल्या आहेत. या लेखातल्या तारखा मी तिच्यातूनच बघून लिहितोय.

वीस टक्के जमवायला वर्ष गेलं. बायकांनी डोरली मोडली, कुणी शेरडं विकली. काकीनं आपला वाटा अकरा हप्त्यांत दिला, त्यातला एक हप्ता अंड्यांच्या पैशाचा होता, तसं नानांनी वहीत लिहायला लावलं. "लिव्ह, समदं लिव्ह. उद्या कोन म्हनंल हिला फुकाट दिलं."

संस्थेचा एक कार्यकर्ता आमच्या गटाला नेमलेला होता. तो लूनावर यायचा. तलावाची पातळी मोजायचा, मोटरचे तास लिहून घ्यायचा, हिशेबाच्या वह्या तपासायचा. जेवायच्या वेळेला ज्याच्या दारात असेल तिथं भाकरी खायचा, मग तो मराठा असो, रामोशी असो, महारवाड्यातला असो. पहिल्या वर्षी यावरून कुजबुज झाली, दुसऱ्या वर्षी थांबली. त्याला पगार किती होता ते मला एकदा कळलं आणि मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. सात वर्षांनी त्याच्या घरच्यांनी त्याला ओढून नेलं, कुठंतरी नोकरीला लागला. जाताना तलावाची पातळी मोजायची दोरी आणि गाठी मारायची पद्धत मला शिकवून गेला. असली माणसं संस्थेच्या फोटोत नसतात.

आता पाटकऱ्याविषयी लिहितो. पाटकरी म्हणजे मोटर चालू-बंद करणारा, व्हॉल्व फिरवून पाळीप्रमाणे ज्याचं त्याला पाणी देणारा, आणि पाणीपट्टी गोळा करणारा. आम्ही नेमला तो भूमिहीन होता. दुसऱ्याच्या बांधावर आयुष्य गेलेलं. माणसं सहा, पण कमाल अडीच एकराची, म्हणून त्याला अडीच एकराचं पाणी. जमीन नाही, तर त्यानं काकीच्या शेजारच्या एकाची पडीक जमीन वाट्यानं केली. पाणी याचं, जमीन त्याची, पीक निम्मं निम्मं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडं असं काहीतरी होतं जे जमीनवाल्याला हवं होतं.

त्याला गावात सगळे "ए बाळ्या" म्हणायचे, साठीचे म्हातारेही आणि दहा वर्षांची पोरंही. व्हॉल्वची चावी त्याच्या कमरेला आल्यावर पहिल्या रब्बीतच मी ऐकलं, एक घरंदाज माणूस बांधावरून हाक मारत होता, "पाटकरी, आमच्या बाऱ्याचं तेवढं बघा की." बघ नाही, बघा. मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "चावीला म्हनत्यात, त्याला न्हाय." खरं असेल. पण चावी पंचवीस वर्षं त्याच्याकडं राहिली आणि पुढं पुढं तो मोटरवर नसताना, बाजारात, लग्नात भेटला तरी माणसं "या पाटकरी" म्हणायला लागली.

तो हिशेबाला फार कडक. त्याला लिहिता येत नव्हतं. तो खडूनं मोटरच्या खोलीच्या भिंतीवर रेघा मारायचा, एका तासाला एक रेघ, आणि शनिवारी मी जाऊन त्या वहीत उतरवायचो. एकदा माझ्याच शेताचं पाणी त्यानं वीस मिनिटं आधी बंद केलं. मी तणतणत गेलो. तो म्हणाला, "दादा, मागल्या पाळीला लाईट गेलती तवा तुमच्या वावरात पाइपातलं पानी वीस मिन्टं जादा गेलं. रेघ हाय बघा." भिंतीवर अर्धी रेघ होती.

आमच्या योजनेचं मोठं भांडण १९९१ सालचं. नानांच्या सख्ख्या पुतण्यानं ज्वारीच्या मधोमध पंधरा गुंठे ऊस लावला. बाहेरून चारी बाजूला ज्वारी, आत ऊस. रस्त्यावरून दिसत नव्हता. पण पाणी धरणाऱ्यापासून पीक लपत नाही. पाटकऱ्यानं दोन पाळ्या बघितलं आणि तिसऱ्या पाळीला नानांच्या दारात जाऊन उभा राहिला. त्यानं काय सांगितलं ते नानांनी ओरडून पुन्हा त्यालाच विचारलं, त्यामुळं सगळ्या आळीला कळलं.

पुतण्याचं म्हणणं साधं होतं. गुरांना चारा नाही, वैरणीला लावला आहे, कारखान्याला घालायचा नाही. ते खरंही असेल. पण ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा राहतो आणि उन्हाळ्यात, नेमकं विहीर तळाला गेलेली असते तेव्हा, त्याला सगळ्यात जास्त पाणी लागतं. एका एकर उसाच्या पाण्यात रब्बी ज्वारीचे कितीतरी एकर भिजतात. आज पंधरा गुंठे सोडले तर उद्या अडतीस घरांचे पंधरा-पंधरा गुंठे होतात, आणि मग काकीच्या गव्हाला शेवटचं पाणी मिळत नाही. नियम ज्यांनी केला त्यांनी हेच बघून केला होता.

बैठक झाली. नानांनी ठराव मांडला, ऊस काढेपर्यंत त्या खात्याचं सगळं पाणी बंद. एकजण हळूच म्हणाला, नुसत्या उसाचं बंद करा, त्याचा कांदा भरात आहे. नाना म्हणाले, "व्हॉल्वला काय कळतं का कांदा कुटला आन ऊस कुटला?" हात वर झाले. मी मोजले. सत्तावीस. वहीत तसं आहे.

पुतण्यानं वीस दिवस ऊस काढला नाही. त्या वीस दिवसांत त्याचा कांदा करपला. मग एका सकाळी त्यानं ऊस कापून नानांच्या अंगणात आणून टाकला, भाऱ्याच्या भारे, आणि बैलगाडी वळवून निघून गेला. नानांच्या भावानं त्या दिवसापासून नानांशी बोलणं टाकलं. पुढच्या वर्षी नानांच्या मुलीचं लग्न झालं, अक्षता टाकायला सख्खा चुलता आला नाही. मांडवात नाना दर दहा मिनिटांनी रस्त्याकडं बघत होते, ते मी बघितलं. लग्न उरकल्यावर मी धीर करून म्हटलं, "नाना, तुमी सोता जाऊन बोलवायला पायजे व्हतं." ते म्हणाले, "गेल्तो. दोनदा."

याच्यावरून कुणी नानांना देव करू नये. ते बैठकीत दुसऱ्याला बोलू द्यायचे नाहीत. पंचांत एक बाई घ्यावी असं संस्थेनं सुचवलं तेव्हा सहा वर्षं त्यांनी तो विषय टोलवला. हिशेबात एक पैसा इकडचा तिकडं झाला नाही, पण कुलूप-किल्ली सगळी आपल्याच हातात. आपल्यामागं कोण, हे त्यांनी कधी ठरवलं नाही आणि कुणाला तयारही केलं नाही. त्यांच्यामागं दोन वर्षं आमचा गट पोरका झाला तो यामुळंच.

२००२ साली साळुंखे साहेब गेले. कल्पनाताईंनी पुढं काम ओढलं. पण एव्हाना हवा फिरली होती. तालुक्यात बोअर मारायच्या गाड्या आल्या होत्या. ज्या वीस एकरवाल्यानं आमच्यात यायचं नाकारलं त्याच्या मुलानं तलावाच्या खालच्या अंगाला बोअर घेतला, मग त्याच्या शेजाऱ्यानं घेतला. पाणी अडवायचं आम्ही, आणि उपसायचं ज्याच्याकडं पैसा त्यानं. कायद्याची चौकशी केली. तेव्हा १९९३ चा कायदा होता, पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत दुसरी विहीर घेता येत नव्हती. पण आमची विहीर पिण्याची नाही, पिकाची. त्यामुळं हातात काही आलं नाही. त्यात लागोपाठ दोन-तीन वर्षं पाऊस कमी झाला. बिलं थकली. आसपासच्या कितीतरी योजना याच दिवसांत बंद पडल्या. मोटर जळाली ती पुन्हा भरली नाही, पाइप चोरीला गेले. लोक म्हणतात पाणी पंचायत संपली. मी म्हणतो काही ठिकाणी संपली आणि काही ठिकाणी रडतखडत चालू आहे. जिथं चालू आहे तिथं कोणीतरी एकजण रोज सकाळी मोटरच्या खोलीकडं चक्कर मारतो.

आमच्याकडं ती चक्कर आता पाटकऱ्याची सून मारते. पाटकरी थकले, डोळ्याला दिसेना, तेव्हा चावी पोराकडं जाईल असं सगळ्यांना वाटलं. पण पोरगा चाकणला कंपनीत. सून बचत गट चालवत होती, बँकेत जाणं-येणं होतं, स्टार्टरच्या फ्यूजला हात लावायला भीत नव्हती. आधी ती नुसती चावी सांभाळायची, मग खजिनदार झाली, आणि गेल्या नऊ वर्षांपासून गटप्रमुख. मी तिला "वहिनी" म्हणतो, वयानं ती माझ्या मुलीएवढी आहे. सासऱ्यासारखीच कडक, पण आवाज कधी चढवत नाही. बैठकीत आधी सगळ्यांना बोलू देते आणि शेवटी वही मागते.

तिची खरी परीक्षा तीन वर्षांपूर्वी झाली. विमानतळाची चर्चा सुरू झाल्यापासून आमच्या तालुक्यात जमिनीला भलतेच भाव आलेत. जिथं काही होणार नाही अशा माळालाही गिऱ्हाईक येतं. आमच्या गटातल्या एकानं दोन एकर विकून हडपसरला घर केलं. घेणारे गृहस्थ पुण्याचे, बोलायला अतिशय चांगले. बंगला बांधायचा, भोवती आंबा-चिकू लावायचा. त्यांना पाइपलाईनचं कनेक्शन हवं होतं. विकणाऱ्यानं त्यांना सांगितलंच होतं, पाण्यासकट जमीन म्हणून.

त्या वेळी गटाचं लाईट बिल थकलेलं होतं आणि मोटरचं वायंडिंग दुसऱ्यांदा जळालेलं. गृहस्थांनी निरोप पाठवला, थकलेलं सगळं बिल मी भरतो, नवी मोटर बसवून देतो, मला फक्त एक कनेक्शन द्या.

खोटं कशाला लिहू, मला स्वतःला वाटलं की द्यावं. एक कनेक्शनचा प्रश्न. अडतीसातली आता तेवीस कुटुंबं उरलेली, त्यातली निम्मी म्हातारी. बैठकीत बहुतेकांचा सूर तोच होता. एकजण म्हणाला, "वहिनी, नियम पानी हाय तवर. मोटरच न्हाय तर नियम काय चाटायचा?"

तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग माझ्याकडून पहिली वही मागून घेतली, १९८३ ची. कडा कुरतडलेल्या. तिनं तो ठराव सावकाश वाचला, पाण्याचा हक्क माणसाचा आहे, जमिनीबरोबर विकता येणार नाही, जमीन विकल्यास पाणी गटाकडं परत येईल. खाली अडतीस सह्या आणि अंगठे. तिच्या सासऱ्याचा अंगठा तिसऱ्या ओळीत. ती म्हणाली, "आमच्याकडं जमीन न्हवती. ह्यो नियम न्हवता तर आमाला पानी कुनी दिलं असतं का? आता जमिनीबरूबर पानी विकाया लागलो, तर पैलं आमीच भाईर पडनार. मंग तुमी."

कुणी काही बोललं नाही. हात वर करायला सांगितले तेव्हा नकाराच्या बाजूनं तेरा, देण्याच्या बाजूनं दहा. मी तेरांत होतो, वही वाचल्यानंतर.

नाही म्हणणं सोपं असतं असं ज्याला वाटतं त्यानं पुढचे दोन महिने आमच्या गावात येऊन राहायला हवं होतं. बिल भरायला घरटी वर्गणी काढली. दोन घरं चिडून बाहेर पडली. एकानं पंचायतीत अर्ज दिला की ही बाई मनमानी करते. तिच्या नवऱ्याला चाकणहून बोलावून घेऊन दोघा-तिघांनी समज दिली, बायकोला आवर. त्यानं ऐकून घेतलं, चहा पिला आणि म्हणाला, "ती माझं तरी कुटं ऐकती." रब्बीची एक पाळी आम्हाला सोडून द्यावी लागली. माझा वाटाणा अर्धा वाळला. शेवटी बिलाचे हप्ते पाडून मिळाले आणि जुन्याच मोटरचं वायंडिंग भरून घेतलं. ती आजही चालते, आवाज करते.

आता आमच्याकडं मुळा-मुठेचं उचललेलं पाणीही काही भागात येतं, पुण्यानं वापरून सोडलेलं. तरुण पोरं म्हणतात, तलाव-विहिरीची ही कटकट कशाला, तिकडचं पैसे भरून घेऊ. त्यांचं अगदीच चुकतं असं मी म्हणत नाही. ते पाणी मागच्या वर्षी माझ्याही अंजिराच्या बागेला मी घेतलं. पण ते कधी येणार, किती येणार, कुणी ठरवायचं, हे आमच्या देवळात ठरत नाही. आणि भूमिहीनाला त्यातला थेंब मिळत नाही.

साळुंखे साहेबांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, ते बरोबरच आहे. त्यांनी कारखाना सांभाळून माळावर येऊन राहायचं आणि लोकांच्या गळी असला नियम उतरवायचा, हे मोठंच काम. पण नियम केल्यानंतर चाळीस वर्षं तो कुणीतरी पाळून घ्यावा लागतो, आणि तो पाळून घेणारा माणूस त्याच गावात, त्याच आळीत राहतो. त्याला संध्याकाळी त्याच माणसांत बसायचं असतं. नानांना भाऊ गेला तो मेल्यावरच मिळाला, म्हणजे खांदा द्यायला आला. वहिनीला आजही गावातल्या चार घरी हळदी-कुंकवाचं बोलावणं नसतं. संस्था चालवणं म्हणतात ते हे. भाषणं त्यातला लहान भाग.

त्या पुण्याच्या गृहस्थांनी पुढं आपल्या जमिनीत बोअर घेतला. चारशे फुटांवर पाणी लागलं. ते वाईट माणूस नाहीत, मला बघितलं की गाडी थांबवतात, नमस्कार करतात, आंब्यावरच्या तुडतुड्याला काय मारू विचारतात, मी सांगतो. त्यांच्या बोअरमुळं आमची विहीर खाली जाते की नाही हे अजून कुणाला सांगता येत नाही. वहिनी म्हणाली, उगीच आरोप नको, आधी मोजू. म्हणून गेल्या दिवाळीपासून दर सोमवारी सकाळी मोटर चालू करायच्या आधी आम्ही दोघं विहिरीवर जातो. ती गाठींची दोरी सोडते, मी आकडा लिहितो. त्या कार्यकर्त्यानं शिकवलेल्या गाठी, फुटाला एक. गेल्या सोमवारी एकवीस फूट होतं. त्याच्या आधीच्या सोमवारी साडेएकवीस. मे महिन्यात किती असेल ते बघायचं आहे.